तेवीस पॅकेजांच्या बाई

सोमवारी सकाळी दहा ते दुपारी दोन बाईंशी कुणी बोलायचं नाही, असा त्या ऑफिसचा अलिखित नियम होता.

चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, अकरा माणसांची ती कंपनी. फर्निचरच्या कारखान्यांसाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर केलं होतं. कपाटाची किंवा दाराची मापं घातली की कुठली फळी किती कापायची याचा नकाशा तयार व्हायचा. हे सॉफ्टवेअर एकसंध नव्हतं. त्याचे तेवीस तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याला पॅकेज म्हणायचे. प्रत्येक पॅकेजला आपापला आवृत्तीचा नंबर. दर सोमवारी नव्या दुरुस्त्या बाहेर पडायच्या, आणि त्या दिवशी हे नंबर वाढवायचं काम बाईंचं.

बाई मुळात टायपिस्ट. वीस वर्षांपूर्वी कंपनीची पत्रं टाईप करायला आल्या. पुढे पत्रं आटली, बाई राहिल्या. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणून कुणीतरी हे नंबरांचं काम त्यांच्या गळ्यात घातलं, आणि ते त्यांनी आवडीनं सांभाळलं.

"नंबर वाढवायला चार तास?" नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. त्याचं टेलरिंगचं दुकान.

"अहो, तुम्ही शर्टाची कॉलर बदललीत तर गळ्याचं माप बदलावं लागतं की नाही? तसंच आहे. एका पॅकेजचा नंबर वाढला की त्याच्यावर टेकलेली जी पाच पॅकेजं आहेत, त्यांनाही कळवायचं. मग त्यांचे नंबर वाढणार. मग त्यांच्यावर टेकलेली."

"बरं झालं मी शर्ट शिवतो," नवरा म्हणाला.

एका सोमवारी मात्र घात झाला. ऐन कामात बाईंच्या बहिणीचा फोन आला, तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाईंना कोण आनंद झाला. त्या आनंदात एका ठिकाणचा नंबर बदलायचा राहून गेला. मंगळवारी सकाळी सात कारखान्यांत सॉफ्टवेअर उघडेचना. तासाभरात सगळं सुरळीत झालं, आणि साहेब एवढंच म्हणाले, "होतं असं." ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. ते 'होतं असं' त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसायची, कंपनीतली सगळ्यात तरबेज प्रोग्रामर. जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. ती म्हणाली, "बाई, हे काम माणसाचं नाहीच. मशीनला सांगा करायला."

"मला कुठे येतंय मशीनला सांगायला?"

"लिहायचं कसं ते मी दाखवते. पण कुठला नंबर कधी, का आणि कुठे वाढवायचा, हे तुमच्याशिवाय इथे कुणाला ठाऊक आहे? मला तर नाही."

हे खरं होतं. मग रोज जेवणाच्या सुट्टीत दोघी बसू लागल्या. एका हातात डबा, दुसरा हात कीबोर्डवर. माऊस नाही, चित्रं नाहीत. नुसती काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. तिथे हुकूम टाईप करायचा आणि एंटर मारायचं. बाईंना ती खिडकी फार आवडली. टाईप करणं तर त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं.

सहा आठवड्यांत नंबर आपोआप वाढवणारी कमांड तयार झाली. बाईंचे वडील बसकंडक्टर होते, म्हणून तिचं नाव ठेवलं 'पुढे'. लहानशी दुरुस्ती असली तर 'पुढे लहान', काही नवीन घातलं तर 'पुढे मधला', जुनं मोडून नवं केलं तर 'पुढे मोठा'.

पहिल्या सोमवारी बाईंनी एंटर मारलं आणि चार तासांचं काम पापणी लवायच्या आत झालं. मग त्या उगाचच उठून ऑफिसभर एक फेरी मारून आल्या. सोमवारी दहा वाजता बाई मोकळ्या, हे बघून लोकांना त्यांची तब्येत बरी नाही असं वाटलं.

बुधवारी एका कारखान्याच्या फोरमनचा फोन आला. "मॅडम, तुमची दारं वाढीला लागली आहेत का?"

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यापर्यंत नमुन्याचं दार २.१ मीटर उंच होतं. आज नकाशात २.२ दिसतंय. मिस्त्रींनी कापायच्या आधी टेप लावला म्हणून बरं."

बाईंच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली. एका पॅकेजची आवृत्ती २.१ ची २.२ करायला त्यांनी सांगितलं होतं. 'पुढे'नं हुकूम तंतोतंत पाळला होता: जिथे जिथे २.१ दिसलं, तिथे तिथे २.२ करून टाकलं. त्यात बिचारं दारही आलं. त्यांनी चाचरत सगळं सांगितलं. पलीकडे फोरमन एवढा हसला की त्याला ठसका लागला. मग बाईंनाही हसू आवरेना, आणि चष्मेवालीनं तर चष्मा काढून डोळे पुसले.

नकाशा त्याच दिवशी दुरुस्त झाला. पण त्या फोननं बाईंना एक गोष्ट शिकवली. आता 'पुढे' फक्त ठरवून दिलेल्या जागांनाच हात लावायची. त्याआधी सगळी यादी दाखवायची: इथे हे आहे, त्याचं हे करणार आहे, करू का? आणि मध्येच काही बिनसलं, तर सगळं होतं तसं परत ठेवायची.

तीन महिने एकही चूक झाली नाही. साहेब एक दिवस टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, ही कमांड आपण इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करू या. ज्याला हवी तो वापरेल."

"लोक हसतील हो."

"हसू देत. वापरतील तर खरं."

सोबतची माहिती बाईंनी स्वतः लिहिली, बोलतात तशीच. पहिलंच वाक्य होतं, 'घाईत असाल तर आधी पाणी प्या, मग ही कमांड चालवा.'

पहिले पंधरा दिवस काही घडलं नाही. मग एका वेधशाळेतल्या अनोळखी माणसाचं पत्र आलं. कमांड उत्तम आहे, पण २.९ नंतर २.१० आलं की ती गोंधळते. दशांश समजून २.१० ला २.९ पेक्षा लहान धरते. दुरुस्ती त्यानं सोबतच पाठवली होती. बाईंनी ती तीनदा वाचली, चालवून बघितली. माणूस बरोबर होता. त्यांनी उत्तर टाईप केलं: 'आपले पत्र पोचले. आपली दुरुस्ती साभार स्वीकारण्यात आली आहे. कळावे.' इतक्या वर्षांनी असं पत्र लिहिताना त्यांची बोटं कशी भराभर चालली.

तरी मनात एक काटा होताच. घरी जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं काम मीच संपवलं. आता मला ठेवतील कशाला?"

"विचारलंस साहेबांना?"

"नाही."

"मग विचार की. आपलं आपण ठरवून कशाला रडतेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. साहेब गोंधळले. "काय बोलताय, बाई? कालच्या एका दिवसात नऊ पत्रं आली आहेत तुमच्या नावावर. त्यांना उत्तरं कोण देणार, मी?"

त्यानंतर बाईंचं टेबल ऑफिसातलं सगळ्यात गजबजलेलं टेबल झालं. पत्रं यायची, मागण्या यायच्या. दोन मागण्यांना त्यांनी स्वच्छ नकार दिला, एकदा एकाशी चार दिवस वाद घातला आणि शेवटी त्याचंच म्हणणं मान्य केलं.

वर्ष सरता सरता सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. 'पुढे'बद्दल वीस मिनिटं बोलायचं होतं. बाई नवऱ्याला घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी नवऱ्यानं खास एक जाकीट शिवलं होतं, आणि ते खांद्यात नीट बसलंय का, हे तो पहिल्या रांगेतून डोळे बारीक करून बघत होता. सभागृहात दीडशे माणसं होती, बहुतेक त्यांच्या मुलांच्या वयाची. बाईंनी काळी खिडकी उघडली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती रेघ लुकलुकू लागली.

"अक्षर जरा मोठं करता का?" मागून कुणीतरी म्हणालं.

"करते की," बाई म्हणाल्या. "मलाही दिसत नव्हतं."

सभागृह हसलं, आणि त्यांनी सुरुवात केली.