बाजूला घ्या

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा आमच्या ह्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. तिथेही वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, कुवेतसारखीच. "आपल्याला काही नवीन शिकायला नको," म्हणाले. भारतात डावीकडून, इथे कुवेतमध्ये उजवीकडून. पण इथे गाडी चालवायला लागून ह्यांना वीसेक वर्षं झाली, तेव्हा उजवी बाजू एव्हाना अंगात भिनली असणार, असं मीही धरून चालले. मी रुमैथियातल्या एका नर्सरीत शिकवते. चिमुरड्यांना राइट हँड, लेफ्ट हँड शिकवण्यात माझी अर्धी सकाळ जाते. पन्नाशी उलटलेल्या फोरमनचंही राइट-लेफ्ट तपासून घ्यावं, हे काही डोक्यात आलं नाही.

हे मूळचे रत्नागिरीकडचे, शुवैखच्या एका गॅरेजात फोरमन. मी पुण्याची. लग्नाआधी हे मोटरसायकलवर आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचे, आणि त्या घाटाची वळणं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. कुवेतमध्ये घाट कुठून आणणार? इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर. मग व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले मोटरसायकलवाल्यांचे व्हिडिओ बघत बसायचे. आमची एकुलती एक मुलगी जूनमध्ये पुण्याला पुढे शिकायला निघणार होती. बापाने तिला तिथे स्कूटर घेऊन द्यायचं कबूल केलं होतं, मी त्याला कडाडून विरोध करत होते. निदान व्हिएतनामच्या बाबतीत मी मोडता घालू नये म्हणून की काय, तिनेच आमची तिकिटं काढली. "गो ना, आई. फाइट तिकडे जाऊन करा." लहानपणापासून ती इंग्रजीतच उत्तर देते. मधूनच एखादा मराठी शब्द आमच्यासाठी टाकते, पोळीवर तूप टाकावं तसा.

जायच्या आधीच्या शुक्रवारी गॅरेजं बंद असताना ह्यांनी ओळखीच्या एकाची मोटरसायकल मागून घेतली आणि शुवैखच्या मोकळ्या रस्त्यांवर मला मागे बसवून सराव केला. छान चालवत होते. एका शटरपाशी थांबलो, पाणी प्यायलो, पुन्हा निघालो आणि गाडी सरळ रस्त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली. मी म्हटलं, "अहो, डावीकडे काय?"

"रस्ता रिकामा आहे गो," हे म्हणाले आणि गाडी उजवीकडे घेतली. मीही विषय सोडून दिला.

फिंतासच्या आमच्या दारात मुलीने मला मिठी मारली. घरात आता ती एकटीच राहणार होती. मी म्हटलं, "येतो गं." तिने विचारलं, "प्रॉमिस?" मी हसून हो म्हटलं. असलं वचन माणूस किती सहज देऊन टाकतो!

हनोईहून बसने डोंगराच्या पायथ्याच्या गावी गेलो आणि तिथे भाड्याची गाडी घेतली. पहिला दिवस सुखाचा गेला. रस्त्यावर पुढेमागे वाहनं असायची आणि हे त्यांच्यामागून मुकाट उजवीकडून चालवायचे. भाताची खाचरं, पाण्यात बसलेल्या म्हशी, पाठीला टोपल्या बांधून चाललेल्या बायका. संध्याकाळी ज्या घरात उतरलो तिथल्या बाईने गरम भात आणि अंड्याचं आमलेट वाढलं. मी पिशवीतून मेतकूट काढलं, तर तिने बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. वाटलं, उगीच घाबरत होते मी.

दुसऱ्या दिवशी रस्ता चढाला लागला, वाहनं विरळ झाली, आणि शुवैखमधला तो शुक्रवार परत आला. पेट्रोल भरून निघालो, गाडी डावीकडे. फोटो काढायला थांबलो, पुन्हा निघालो, डावीकडे. अवघड वळणावर तर हमखास. ह्यांचा उजवा-डावा चुकत नव्हता, चुकत होती ती गाडी. चारचाकीच्या स्टिअरिंगवर ह्यांचे हात कुवेतचे असतात. मोटरसायकलचं हँडल धरलं की तेच हात आंबा घाटात जातात, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आणि रस्ता तर आंबा घाटासारखाच दिसत होता. केळी, बांबू, ओली लाल माती. "अगो बघ, अगदी आपलं कोकण!" हे आनंदाने ओरडले की मी सीटची कड घट्ट धरायचे. जितकं कोकण, तितका धोका.

मी एक युक्ती काढली. गाडी डावीकडे सरकली की ह्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची. पहिल्या थापेला हे हसले. दहाव्या थापेला म्हणाले, "म्हशीला हाकतेस काय?" मग एका वळणावर समोरून दोन मुली सायकलवर आल्या. माझी थाप आणि ह्यांचं हँडल जेमतेम जुळून आलं. मुली मागे वळून वळून बघत गेल्या. त्यांच्या नजरेची मला लाज वाटली, ह्यांना वाटली की नाही कोण जाणे.

त्या संध्याकाळी मुक्कामावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, गाडी इथेच कुणाच्या तरी हवाली करू आणि बसने परत जाऊ.

"मला कळतंय गो उजवी बाजू कुठली ती. दिवसभर गाड्या उघडून बसवतो मी. तू नर्सरीतल्या पोरांना शिकव."

"पोरं निदान ऐकतात तरी."

"मग तू जा बसने. मी गाडी घेऊन येतो."

जित्याची खोड, असं माझ्या तोंडात आलं होतं. पुढचा अर्धा भाग आठवला आणि मी ती म्हण तिथेच गिळली. बस सकाळी निघणार होती आणि मी खरंच जाऊ शकले असते. पण मी गेले तर ह्यांच्या मागे कोण बसणार? खांद्यावर थाप कोण मारणार? हा माणूस एकटा घाटात गेला तर पहिल्याच रिकाम्या वळणावर डावीकडे जाईल, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघं शहाण्यासारखे एका चौकटीत बसलो. "हॅविंग फन?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खूप." फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे पाठ करून बसले.

सकाळी मी गाडीवर जाऊन बसले. ह्यांनाही बरं वाटलं असावं, कारण माझ्या हेल्मेटचा पट्टा ह्यांनी स्वतः लावून दिला.

त्या दिवशी धुकं होतं. सबंध सकाळ मी जीव मुठीत धरून बसले होते. डावीकडे डोंगर, त्याच्या पायथ्याशी पाणी वाहायला बांधलेलं काँक्रीटचं गटार, उजवीकडे दरी. दरीच्या बाजूने चालवायला कुणाचंही मन कचरेल, हे मला कळत होतं, तरी मी थापा मारत राहिले. वळणावर हॉर्न वाजवायचा, कान द्यायचा, मग पुढे जायचं. माझे डोळे रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावर इतके खिळले होते की त्या प्रसिद्ध डोंगरांतला एकही मला आज आठवत नाही.

एका खिंडीपाशी एक म्हातारी चुलीवर कणसं भाजत होती. आम्ही थांबलो. धुकं, लाकडाचा धूर, भाजक्या कणसाचा वास. तिने छोट्या कपांतून कोरा चहा दिला. हे उकिडवे बसून कणीस खाता खाता वडिलांबद्दल बोलायला लागले. वडिलांनी ह्यांना घाटात गाडी शिकवली तेव्हा मागे बसून फक्त एवढंच म्हणायचे, घाई नको, घर कुठे पळत नाही. एरवी हे असं काही बोलत नाहीत. मला फार बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा माझा राग उतरला, खांदे सैल झाले. निघालो तेव्हा मी ह्यांच्या पाठीला डोकं टेकलं होतं.

गाडी डावीकडून चालली होती आणि ते मला कळलं नाही. कळलं नाही असंही नाही म्हणता यायचं. मला ते बरोबर वाटलं. मीही पुण्याचीच. डोंगराला लागून, दरीपासून लांब, आपल्या बाजूने चाललोय, असं माझ्याही अंगाला वाटलं.

वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला आणि लगेच धुक्यातून ट्रकचे दिवे पुढे आले, थेट आमच्या समोर. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बाजूला घ्या!"

आणि इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी पहिल्यांदाच माझं निमूट ऐकलं. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. आपल्याकडे बाजूला म्हणजे जी बाजू, त्या बाजूला. डावीकडे.

ट्रक तिकडेच येत होता, कारण ती त्याची बाजू होती. पुढचं चाक गटारात गेलं, गाडी डोंगराला घासली, मी ह्यांच्यावर आणि हे हँडलवर. ट्रकवाल्याने शेवटच्या क्षणी दरीकडे वळवलं आणि तो आमच्या उजव्या हाताने गेला, इतक्या जवळून की त्याच्या चाकांचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. मला त्या क्षणी देव आठवला नाही. फिंतासचं दार आठवलं, आणि दारात उभी असलेली मुलगी.

ट्रकवाला थांबला, धावत आला. वाटलं शिव्या घालेल. त्याने आधी माझे हात-पाय चाचपले, मग ह्यांचे. मग दोघांनी मिळून गाडी गटारातून वर काढली. जाताना त्याने रस्त्याच्या उजव्या बाजूकडे हात केला आणि तो तसाच थोडा वेळ धरून ठेवला, लहान मुलाला दाखवावं तसा. मी नर्सरीत असाच हात धरते.

हे गटाराच्या कठड्यावर बसले. गुडघ्यातून रक्त येत होतं. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"तू काय म्हणालीस?" ह्यांनी विचारलं.

"बाजूला घ्या म्हणाले."

"हां." ह्यांनी गटाराकडे बघितलं. "मग बरोबर गेलो गो मी."

चेष्टा नव्हती ती. मला हसू आलं आणि मग रडू कोसळलं, ते थांबेचना. ह्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आता तू सांगत राहा. थाप नको. तोंडाने सांग, सारखी. मी जाईन तू म्हणशील तिकडे."

त्या घाटातून उतरेपर्यंत मी जप केल्यासारखी म्हणत होते, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. रस्ता सरळ असला तरी म्हणत होते. घशाला कोरड पडली, आवाज बसला. हे प्रत्येक वेळी हूं म्हणत होते. दुसऱ्या दिवशीही तेच. गाडी परत करताना मालकाने खरचटलेल्या बाजूकडे बघून काहीतरी विचारलं, आणि हे इंग्रजीत म्हणाले, माय मिस्टेक. हे शब्द मी ह्यांच्या तोंडून मराठीत कधी ऐकले नव्हते.

विमानात ह्यांनी बजावलं, "पोरीला काही सांगू नकोस. उगाच घाबरेल." मीही मान डोलावली.

विमानतळावर मुलगी आमचीच गाडी घेऊन आली होती. कॉलेजात असताना तिने लायसन काढलं आणि आमच्या दोघांपेक्षा चांगली चालवते. हे पुढे बसले, मी मागे. सपाट रस्ता, रुंद, दोन्हीकडे दिवे. सगळं ओळखीचं, आणि तरी माझा जीव घाबरा झाला. मळमळायला लागलं. मी म्हटलं, "अगं, जरा बाजूला घे."

तिने आरशात बघितलं, सिग्नल दिला आणि एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये सरकत गाडी कडेला नेऊन थांबवली. उजव्या कडेला. कुठली बाजू, असं विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं.

मी दार उघडलं, पण खाली उतरले नाही. मळमळ कुठल्या कुठे गेली होती. हे मागे वळून माझ्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हा दोघांना एकाच वेळी पुण्यातला रस्ता दिसत होता, रिकामा, संध्याकाळचा, आणि त्यावरून स्कूटर घेऊन निघालेली आमची पोर.

"इथेच थांब जरा," हे तिला म्हणाले. आणि मग स्वतःच सगळं सांगितलं. शुवैख, थापा, सायकलवरच्या मुली, कणीस, ट्रक, गटार. काही लपवलं नाही. "शांत असताना माणूस बरोबर चालवतो गो. घाबरला, नाहीतर खूश झाला, की हात जिथे शिकले तिथे जातात. तुझे हात इथे शिकलेत."

"बाबा, आय नो," ती म्हणाली. "इंडियात लेफ्ट. एव्हरीबडी नोज."

"मलाही माहीत होतं," हे म्हणाले.

सिग्नल तसाच चालू होता, टिक टिक करत. तिने स्टिअरिंगवरचे आपले हात बघितले, मग आरशातून माझ्याकडे. आणि मराठीत विचारलं, अख्खं वाक्य, "मग माझ्या मागे कोण बसेल?"

"मी," मी म्हटलं. नर्सरी, फ्लॅट, ह्यांचे दोन वेळचे डबे, कशाचाही विचार न करता म्हटलं. हे पुढे बघत होते. नको म्हणाले नाहीत. ह्यांचा हात तेवढा स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला, जिथे माझ्या थापा बसल्या होत्या, आणि घरी पोचेपर्यंत तिथेच राहिला.