आत्यानं वाचलेला शेवट

गेल्या आठवड्यात जुन्या बाजारात ते पुस्तक हाती लागलं. झारच्या कैदेतून पळालेल्या एका माणसाच्या आठवणींचं. उघडताच जुन्या कागदाचा वास आला आणि मी लहानपणीच्या सोलापुरात, एका उन्हाळी दुपारी जाऊन पोचले.

शहरात लष्कराचा अंमल होता. वडिलांना सत्याग्रहात पकडून नेलं होतं. दारं-खिडक्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत आई ज्वारी निवडत होती आणि धाकटी आत्या हेच पुस्तक मोठ्यानं वाचत होती. रस्त्यावर शिपायांचे बूट वाजले की ती आवाज उतरवी, पण थांबत नसे. घामानं भिजलेल्या मला सायबेरियातल्या बर्फाची खरोखर थंडी वाजत होती. शेवटी तो माणूस घरी पोचला. बायकोनं दार उघडलं.

"पोचला व्हय गं?" आईनं विचारलं. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं होतं.

"पोचला की, वैनी."

परवा मी शेवटचं पान वाचलं. तो परक्या देशात सुखरूप पोचतो, पण बायकोची भेट पुन्हा कधीच होत नाही. ती भेट आत्यानं मनानंच रचली होती.

वडील दिवाळीच्या आधी सुटून आले. त्या दुपारी मात्र आई एवढंच म्हणाली होती, "तेवढं परत वाच की." आणि आत्यानं, पुस्तकावरची नजर न हलवता, ते सगळं पुन्हा वाचून दाखवलं.