पातूरच्या रशीदचाचांचा खुलासा

पातूरला लोक लेणी बघायला जातात. मी माफी मागायला गेले होते.

नापिकीची लागोपाठची वर्षं होती. पुण्यात एका बातम्यांच्या वेबसाइटवर काम करताना, एका शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीला मी घाईत कपाशीच्या जुन्या बातमीतला फोटो जोडला. फोटोतले पातूरचे शेतकरी रशीदचाचा चांगले जिवंत होते. अर्ध्या तासात आम्ही तो काढला, पण तोवर स्क्रीनशॉट गावोगावी पोचले होते.

"खुलासा नको, उगाच पुन्हा चर्चा होईल," साहेब म्हणाले. मी रजा टाकली.

अकोल्याच्या स्टँडवरून पातूरची एसटी सहज मिळते, तासाभराचा रस्ता. सकाळचीच गाडी धरा, दुपारचं ऊन सोसत नाही. खिडकीबाहेर कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या दिसत राहिल्या.

चाचांच्या घरी जुबेदाचाचींनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. घास घेण्याआधी मी माफी मागितली.

"पोरीच्या सासरचे रडत आले," चाची म्हणाल्या. "अन् हे दारातच उभे!"

"मी जिता आहो, हे मले पेपरात पाहिजे," चाचा म्हणाले. "मोबाइलातलं तुमी पुसलं. आता लोकाइले काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याच्या जुन्या शहरात एका छोट्या दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादक वानखडेकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चूक आमची नाही. खुलासा आमी काहून छापू?"

"माझ्या नावानं छापा," मी म्हणाले.

"नोकरी जाईन ना वो ताई!"

मी लिहून दिलं. काकांनी ते दोनदा वाचलं, चाचांना मोठ्यानं ऐकवलं, त्यांचं पूर्ण नाव आणि गाव विचारून घेतलं. आमच्या ऑफिसात असं कुणी शेवटचं कधी केलं होतं, मला आठवेना.

सकाळी आतल्या पानावर आठ ओळी आल्या. चाचांनी स्टँडवरच्या विक्रेत्याकडचे उरलेले सगळे अंक घेतले. एक पोरीच्या सासरी द्यायचा होता.

पुण्यात साहेबांनी खूप सुनावलं. नोकरी राहिली, बढती गेली. छापलेलं दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं, असं मीच नव्या पोरांना सांगत असे. आता सांगत नाही.

परवा चाचांचा फोन आला. "बेटी, एकानं पुन्हा तो फोटो ग्रुपवर टाकला."

"मग?" मी विचारलं.

"मंग मी तिथंच पेपराचा फोटो टाकला. आता सारे त्यालेच इचारून राहिले, काहून बा, जित्या माणसाले मारून राहिला?"

ते खदखदून हसले. फोन ठेवल्यावर मी समोरच्या बातमीचा फोटो उघडला, आणि त्यातला माणूस कोण हे विचारायला वार्ताहराला फोन लावला.