साठ पावलांवरची चादर

तुमच्या घरातली शेतीसंरक्षणाची बंदूक साठ पावलांवर नेमकी कुठे मारते, तुम्हाला ठाऊक आहे का? बाबलकाकांना आपल्या बंदुकीचं ठाऊक होतं. महिन्यापूर्वी ते दुसऱ्याच्या बंदुकीने गेले. फोन आला तेव्हा मी कणकवलीत एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो. "काकांक छर्रो लागलो," भाऊ म्हणाला.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. दरवर्षी भात पोटरीत आलं की ते मातीच्या कड्यासमोर निशाण उभं करीत. वीस आणि चाळीस पावलांना माझी उरलेली पत्रकं डकवलेला पुठ्ठा, साठला जुनी चादर. प्रत्येकावर कोळशाची फुली, आणि तिच्यावर एकेक बार. वीसवर छर्रे ताटात मावत, चाळीसवर सुपाबाहेर जात, आणि सगळा घोळका फुलीच्या डावीकडे सरकलेला असे. "नळी डावी ओढता," ते म्हणत. मग मला चिडवत, "तुझ्या पत्रकांचो कागद बरो आसा रे. वाचूक नाय, पण भोकां बरी दिसतत."

यंदा शेजारचे दत्तारामकाका, त्यांचे बालमित्र, बांधावर येऊन उभे राहिले.

"दत्तू, तुझी बंदूक घेवन ये. एक बार काढून बघ."

"कागद येऊन भात खाता काय, बाबल्या? काडतूस डुकराक ठेवलंय."

मी मोठ्याने हसलो. काका हसले नाहीत. चादरीच्या पार कडेच्या भोकात बोट घालून म्हणाले, "ह्यो एकटो बघ खंय इलो. माणसाक एकटो पुरो."

आठ दिवसांनी, उजाडताना, दत्तारामकाकांनी भातात शिरलेल्या डुकरावर बार काढला. काका साठेक पावलांवर, बरेच बाजूला, शेताच्या मेरेवर, बांधाच्या कडेला उभे होते. ते त्यांना दिसत होते. इतक्या लांब, इतक्या बाजूला छर्रे जात नाहीत, अशी दत्तारामकाकांची खात्री होती. एकच गेला.

बाराव्याला दत्तारामकाका माझ्यासमोर येऊन बसले. "माका दिसत होतो रे तो... माका वाटला, लांब आसा." गाव याला नशीब म्हणतं. मी म्हणणार नाही. कधीच न तपासलेल्या खात्रीने काकांचा जीव घेतला, आणि त्या खात्रीला हसून साथ देणारा मी होतो. जगाला जाब विचारणारी पत्रकं लिहिली. हा जाब माझ्याकडे मागायला कोणी आलं नाही.

भात कापून झालं. पुढे काजूची राखण सुरू होईल. राखणीला बसण्याआधी, मागे मातीचा कडा बघून साठ पावलांवर चादर बांधा, बार काढा. मग फुलीपासून सर्वांत लांबचं भोक शोधा, आणि जो माणूस राखणीला तुमच्यासोबत येतो, त्याला हाताला धरून ते दाखवा.