बिडाची घोडी

भाऊजी कोणत्याही लोखंडी वस्तूला आधी चापट मारत आणि मग मान वाकडी करून ऐकत. नवा गॅस सिलिंडर आला, चापट. पाहुण्यांची स्कूटर दारात लागली, चापट. माझे शिवणयंत्र माहेरहून आले तेव्हा त्याच्या दोऱ्याही सुटल्या नव्हत्या, तोवर त्यांनी त्याच्या अंगावर थाप मारून निकाल दिला, "वैनी, चांगलं बीड हाय. तुमच्यापेक्षा जास्त टिकंल." मी घरात अगदी नवीन होते. हसावे की रागवावे, मला कळले नाही.

भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेले नाही. भिवंडीत कामतघरला आमची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती, आणि भाऊजींचा स्वतःचा एक जोडधंदा होता. बंद पडलेल्या शेडमधल्या जुन्या लूम घ्यायच्या, फोडायच्या आणि त्यांचे भाग विकायचे. लूमच्या दोन बाजूंना ज्या दोन जाड चौकटी असतात, ज्यांच्यावर सगळे यंत्र उभे असते, त्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. भाऊजींचे अंगण त्या चौकटींनी भरलेले असे. त्यामुळे गावात त्यांचे नाव पडले बीडशेठ. त्यांना ते आवडे. "माणूस लवतो," ते म्हणत, "बीड लवत न्हाय."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, ठाण्याची. या घरात इंग्रजी वाचणारे दुसरे कोणी नव्हते. भाऊजी रोज सकाळी नाक्यावरून माझ्यासाठी इंग्रजी पेपर आणत. सासूबाई म्हणाल्या, "सुनंला पेपर कशाला?" तर म्हणाले, "आई, तुला तंबाखू लागते ना? तसा तिला पेपर लागतो." त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

भात कापून झाले की गणेशपुरीच्या वाटेला शेते मोकळी पडत. ऐंशीनंतरच्या काही वर्षांत तिकडे हौशी मंडळी मातीत जीप पळवण्याच्या शर्यती लावू लागली. नांगरलेल्या जमिनीवर टँकरने पाणी मारून गोल रस्ता करायचे आणि धूळ, चिखल, आरडाओरडा यांत दिवस घालवायचे. भाऊजींनी एक जुनी जीप घेतली, तिचा टप काढला, दारे काढली आणि तिच्यावर जीव लावला. गाडी ते चालवत, आणि गाडी बघे मुनीर.

मुनीर नारपोलीचा, कोकणी घरातला. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. धाकट्या भावाला, सलीमला, हाताशी घेऊन त्याने गॅरेज टाकले होते. भाऊजी जितके धसमुसळे तितका मुनीर सावकाश. चहासुद्धा बशीत ओतून, निवेपर्यंत वाट पाहून प्यायचा. भाऊजी म्हणत, "मुन्या, तुझा चहा होईस्तोवर दुसरी शर्यत सुटंल." मुनीर म्हणे, "सुटू दे शेठ. तोंड माझं भाजतं, तुमचं नाही."

गॅरेजात गाडीखाली काम करायला जमिनीत खड्डा असतो. शेतात कुठला खड्डा? दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जीप उचलायची, खाली जाऊन काम करायचे आणि पुन्हा सोडायची. साधा जॅक ओल्या मातीत रुतून तिरका होई. तेव्हा शर्यतीला बरोबर नेता येईल अशी लिफ्ट घ्यायची, असे ठरले. माझ्या भावाने परदेशातून एक कॅटलॉग पाठवला आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी तो दोघांना वाचून दाखवला. एक लिफ्ट चाकांवर ढकलायची होती. मुनीरने मान हलवली, "चाकं बारीक. मातीत बसतील." एक मोठ्या कात्रीसारखी उघडणारी होती, पण ती उचलायलाच चार माणसे लागली असती. तिसरी गाडीला एका बाजूने धरून कलती करणारी होती. त्या चित्रावर मुनीरने बोट ठेवले आणि ते काढलेच नाही.

"वैनी, ह्याच्यात बघा," तो म्हणाला, "पाय किती रुंद आहेत? वर गेल्यावर लॉक आपोआप पडतं का? आणि दोघांत टेम्पोत चढेल का? मला बाकी काय नको."

तुमच्यापैकी जो आता मातीच्या ट्रॅकवर शर्यतींना जातो, त्याने मला मध्यंतरी लिफ्टचे फोटो पाठवून गमतीने विचारले होते, "आजी, यातली कुठली घेऊ?" बाळा, मला लिफ्टमधले काही कळत नाही. पण हे तीन प्रश्न दुकानदाराला विचार. ते माझे नाहीत, मुनीरचे आहेत.

कॅटलॉगच्या तळाशी लिहिले होते की ही लिफ्ट फक्त कठीण आणि सपाट जमिनीवर वापरावी. मी ते वाचताच भाऊजी हसत सुटले. "कठीण आणि सपाट? वैनी, भिवंडीत रस्ता तरी तसा हाय का?" मग त्यांनी कॅटलॉग मिटला. "बाहेरून मागवायचं कशाला? अंगणात एवढं बीड पडलंय. मी बनवतो."

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. जॅक गाडी नुसती उचलतो. उचललेली गाडी ज्या चार पायांच्या टेकूवर ठेवतात, त्याला गॅरेजात घोडी म्हणतात. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही, हा त्या धंद्यातला पहिला धडा. भाऊजींनी लिफ्टऐवजी साध्या जॅकखालीच रुंद जाड पत्रा बसवला, ते ठीकच होते. पण घोड्या त्यांनी लूमच्या जुन्या चौकटी कापून, बोल्टने जोडून बनवल्या.

मुनीरने त्या बघितल्या आणि म्हणाला, "शेठ, बीड दाबाला राजा असतं. झटक्याला भिकारी."

"लूम काय करते मग?" भाऊजी म्हणाले. "रात्रंदिवस झटकेच खाते ना? माझ्या बापाच्या वेळेपासून खाते. मोडली कधी?"

"लूमच्या खाली मी झोपत नाही, शेठ."

भाऊजींनी घोडीला चापट मारली. ती घंटेसारखी वाजली. "ऐक," ते म्हणाले. मुनीरने ऐकले. मग म्हणाला, "ह्या वर्षापुरत्या." मित्राने हौसेने केलेल्या वस्तूला किती वेळा नाही म्हणणार?

ज्याचा जन्म लूमच्या आवाजात गेला, त्यालाच ही चूक करता येते. परगावच्या माणसाने कधी बिडावर एवढा भरवसा टाकला नसता.

ते वर्ष नीट गेले. पुढच्या वर्षी घोड्या त्याच राहिल्या. दुपारच्या फेरीनंतर जीप वर घेतली होती आणि मुनीर खाली होता. शेजारच्या संघाची गाडी मागे घेताना मातीत घसरली आणि आमच्या जीपला बाजूने लागली. धक्का फार मोठा नव्हता, असे सगळेच सांगतात. घोडीचा एक पाय काचेसारखा तुटला. मुनीरला बाहेर काढले तेव्हा तो गेलेला होता.

तुमचे आजोबा तिथे होते. त्यांनी भाऊजींकडे पाहिले आणि घोडीचे तुकडे गोळा करून टेम्पोत टाकले. येताना ते तुकडे खाडीत गेले. पोलिसांनी लिहिले की जॅक घसरला. आजोबांनी हे भावाला वाचवण्यासाठी केले. ते वाईट माणूस नव्हते. तुम्ही त्यांना ओळखता, म्हणून हे तुम्हाला माहीत असावे असे मला वाटते. मला स्वतःला ते नंतर कळले.

पण जॅक घसरला म्हणजे घोडी लावलीच नव्हती, असा त्याचा अर्थ होतो. हे आमच्या घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते. ड्रायव्हरांच्या लगेच आले. नारपोलीच्या चहाच्या टपऱ्यांवर बोलणे सुरू झाले. इतकी वर्षं गॅरेज चालवून नुसत्या जॅकवर गाडीखाली गेला? नशा तर करत नव्हता? मग लोक सलीमच्या गॅरेजात येईनासे झाले. ज्याच्या भावाने स्वतःचा जीव सांभाळला नाही, तो आपले ब्रेक काय बघणार?

भाऊजी हे सगळे ऐकून घरी येत आणि ताट पुढे सरकवून बसत. एक दिवस ताटावरूनच म्हणाले, "दादा, मी सांगणार."

"काय सांगणार?" आजोबा म्हणाले. "केस उघडंल. तू आत जाशील. मी पण जाईन. शेडला कुलूप लागंल. तो परत येणार हाय का?"

"तो येणार न्हाय. त्याला येडा म्हणतायत, दादा. त्यानं घोडी लावली व्हती. ठोकून बघितली व्हती. माझीच व्हती ती."

"मी भाऊ हाय तुझा."

"म्हणून तर आधी तुला सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते टपरीवर गेले, जिथे ट्रकवाले बसतात, आणि उभे राहून बोलले. मुनीरने घोडी लावली होती. ती बिडाची होती. ती मी बनवली होती. तो नको म्हणाला होता. तुकडे आम्ही खाडीत टाकले. हे मला त्या टपरीवाल्याने पुढे सांगितले. तो म्हणाला, सगळ्यांचे कप हातातच राहिले.

तिथून ते मुनीरच्या वडिलांकडे गेले. चाचा खाटेवर बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग सलीमला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस? तुझा भाऊ गाफील नव्हता." आणि भाऊजींना म्हणाले, "बेटा, तू आलास, बोललास. अल्ला तुला त्याचं फळ देईल. आता ह्या दारात येऊ नको. मला तुझा चेहरा बघवणार नाही."

भाऊजी परत गेले नाहीत. केस झाली. ते काही काळ आत होते, आजोबांनाही कोर्टात खेटे घालावे लागले. भाऊ भाऊ वेगळे झाले. सुटल्यावर भाऊजी गणेशपुरीकडच्या शेतावर एकटे राहू लागले. मी महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने डबा घेऊन जाई. आजोबांना ते माहीत होते. त्यांनी कधी अडवले नाही, आणि स्वतः कधी आले नाहीत.

नव्वदनंतरच्या एका वर्षी भाऊजींची छाती दुखू लागली, म्हणून मी त्यांना भिवंडीला डॉक्टरकडे आणले. परत जाताना रिक्षा नारपोलीवरून निघाली. त्यांनी ते ओळखले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटले, पुन्हा दुखते आहे.

"वैनी," ते म्हणाले, "सलीमच्या दारात गाड्या हायत का?"

मी बाहेर वाकून पाहिले. गॅरेज भरले होते. दोन ट्रक, तीन-चार जीप आणि एक टेम्पो रस्त्यावरच लावलेला. "आहेत, भाऊजी," मी म्हटले. "रस्त्यापर्यंत आल्यात."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

रिक्षा नाक्यावरून वळेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.