बिनकागदाचा रब्बी

२०२२ साल होतं आणि मला पंचाहत्तर पूर्ण झाली होती. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं.

मी सातवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझं शुद्धलेखन काढत बसायला नको. अठराव्या वर्षी फौजेत गेलो आणि नर्सिंग असिस्टंट म्हणून चोवीस वर्षं काढली. गोळी लागलेले, बर्फाने बोटं काळी पडलेले, घरचं पत्र वाचून वेडेपिसे झालेले, सगळे माझ्या हाताखालून गेले. एकदा वरच्या चौकीवर एका जवानाच्या छातीत हवा भरली. डॉक्टर खाली, रस्ता बंद. पुस्तकाप्रमाणे ते काम डॉक्टरचं होतं, माझं नव्हतं. मी सुई घातली, हवा काढली. महिन्याने साहेबांनी बोलावून विचारलं, कोणाच्या परवानगीने केलंस? मी म्हटलं, साहेब, तो बघा, रांगेत उभा राहून दुसऱ्यांदा डाळ घेतोय. विषय मिटला.

त्याच चौकीवर धर्म माझ्या मानगुटीवर बसला. फौजेत पंडित येतो, ग्रंथी येतो, मौलवी येतो, पाद्री येतो. माझ्यासाठी कोणी येत नसे. एका हवालदाराने चहा पिता पिता सहज विचारलं, तू मेलास तर तुझ्यासाठी काय म्हणायचं, ते लिहून दे. मला लिहून देता येईना. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत, आणि मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. हवालदार हसला नाही. ते मला जास्त लागलं.

पेन्शनीत निघालो, मीरा रोडला खोली घेतली आणि आमच्यातल्या एका म्हाताऱ्या प्रार्थना चालवणाऱ्याच्या पायाशी जाऊन बसलो. बेचाळिसाव्या वर्षी उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलो. दोन वर्षांनी म्हातारा लेकीबरोबर इस्राएलला गेला आणि जाताना पुस्तक, शाल माझ्या हातात देऊन गेला. तेव्हापासून दहिसरच्या खाडीपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत आमची जी काही घरं आहेत, त्यांची लग्नं, बारशी, मौती माझ्याकडे. खरा रब्बी व्हायला परदेशात शिकून कागद आणावा लागतो. माझ्याकडे कागद नाही. लोक रब्बी म्हणतात आणि मी कधी नको म्हटलेलं नाही. वॉचमनसुद्धा रब्बी साहब म्हणूनच दार उघडतो.

तर बायकोच्या वर्षाचा दिवस. त्या दिवशी मुलाने आईसाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची असते. ते एकट्याने म्हणता येत नाही. आपल्यातले तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. नऊ संत असले तरी चालत नाहीत.

आता दहा माणसं म्हणजे काय मोठं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पूर्वी नव्हतंच. माझ्या बाहेरच्या खोलीत उभं राहायला जागा नसे. मग एकेक घर उठून गेलं. ज्यांना मी लग्नात शिकवून शिकवून आशीर्वाद म्हणायला लावले, ते आता तिकडून मला मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवतात. फुलं मोजून दहा होत नाहीत.

पंधरा दिवस आधीपासून फोन करत होतो. एकाची शिफ्ट, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, एकाची बायको सांगते की ते झोपलेत, आणि मागून त्याचा खोकला ऐकू येतोय. तरी जमवले. नया नगरच्या पलीकडे राहणारा माझा एक जुना स्नेही, आयुष्यभर एका कापड गिरणीत फोरमन होता, तो दहावा. त्याला मी फोनवर स्पष्ट सांगितलं, मंगळवार, संध्याकाळी सहा.

इथेच घोळ झाला. आमचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. मंगळवार म्हणजे सोमवारच्या संध्याकाळपासून. हे त्याला कळू नये? जन्मापासून शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावणाऱ्या घरातला माणूस. सोमवारी सहाला सगळे आले, तो नाही. फोन केला तर पनवेलला भावाकडे. म्हणाला, अरे, तू मंगळवार म्हणालास ना? उद्या येतोय की. मी म्हटलं, मंगळवार आज लागतो. तो म्हणाला, मग सोमवार सांगायचं. मी फोन ठेवला. आजही माझं म्हणणं हेच आहे की चूक त्याची होती.

आमच्यात माणसं एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत, अशुभ मानतात. दहा शब्दांचं एक वचन आहे, माणसागणिक एकेक शब्द म्हणायचा. फौजेत रोज सकाळी मोठ्याने गिनती दिलेला माणूस मी, पण इथे वचनच म्हणतो. त्या संध्याकाळी मी खोलीभर नजर फिरवत म्हणत गेलो आणि शेवटचा शब्द तोंडातच राहिला. पुन्हा म्हटलं. पुन्हा राहिला.

खरं सांगायचं तर खोलीत नऊ नव्हते. दहा होते. दहावा स्वयंपाकघराच्या दारात टोपी घालून उभा होता. माझा नातू.

त्याचं असं आहे. माझ्या मुलाने उत्तनजवळच्या तारोडीच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं. गोडदेवच्या बाजारात ती मासे विकते, तिथेच त्यांची खोली. आमच्यात मूल आईवर जातं. आई आपली, तर मूल आपलं. पूर्वी गावात अशा घरांना काळे इस्राएल म्हणायचे. रंगाशी संबंध नाही, आईशी संबंध. त्यांची ताटं वेगळी असत. मी ताट कधी वेगळं केलं नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पण नातू जन्मला तेव्हा मी म्हटलं, हा हिशेबात धरता येणार नाही. आठव्या दिवशी सुनेने आपणहून इस्पितळात त्याची सुंता रीतीप्रमाणे करवून घेतली. माझी बायको बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी गेलो नाही.

बायको तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या मागे लावून होती. नियमातच वाट आहे. ज्याची आई आपली नाही, त्याला आपल्यात घेता येतं. तीन जाणती माणसं साक्षीला लागतात आणि वाहत्या, मोकळ्या पाण्यात बुडी मारावी लागते. समुद्र चालतो. ती म्हणायची, समुद्र उत्तनला आहे, तीन म्हातारे तुमच्या ओळखीचे आहेत, मग अडलंय कुठे? मी म्हणायचो, ते खऱ्या रब्बीचं काम आहे, माझ्याकडे कागद नाही. बावीस वर्षं हेच उत्तर. शेवटच्या आजारातही तिने एकदा विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. तिला वेदना होत होत्या म्हणूनही केलं असेल.

आता नऊजण खोळंबलेले, खिडकीत ऊन भिंतीवरून चढत चाललेलं. इस्राएलहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. काका, मला फोनवर धरा, दहावा. मी म्हटलं, फोनला सावली पडते का? त्याने फोन कापला. आमच्यातला एक रिटायर्ड क्लार्क, माझ्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला, म्हणाला, दारात सहा फुटाचा माणूस उभा आहे आणि तू पनवेलला फोन करतोयस. मी म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, नियम आहे म्हणूनच तर आपण एवढे मजेत आहोत, बघ ना किती गर्दी झालीये.

दोघे-तिघे हसले. मुलगा हसला नाही. तो आईच्या फोटोकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. त्याच्या हातातला कागद, ज्यावर कद्दीश मराठी अक्षरांत लिहिलेलं होतं, घामाने मऊ झाला होता.

नातू तिथूनच म्हणाला, "आजोबा, मी आत थांबू की बाहेर? नीट सांगा, म्हणजे चहा तरी करतो."

तो ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन आहे. आवाज चढवत नाही. मला त्याच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

मी काही बोलायच्या आत सून पुढे आली. ती मला मामा म्हणते, त्यांच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. चोवीस वर्षांत आमचं बोलणं म्हणजे ती मासे आणून ठेवते आणि मी मान हलवतो. खवल्याचाच मासा आणते, पापलेट, बोय. कोळंबी आमच्यात चालत नाही, आणि तिने माझ्या घरात कोळंबीची पिशवीसुद्धा कधी टेकवली नाही. आमच्या पोरांना नाही कळत एवढं.

ती म्हणाली, "मामा, कागद न्हाय तरी तुमी सगल्यांचे रब्बी. लगनाला रब्बी, मौतीला रब्बी. माझ्या पोराच्याच टायमाला तुमाला कागद लागतो?"

क्लार्क चष्मा पुसायला लागला. मी म्हटलं, आपण स्तोत्रं वाचू. वाचली. कद्दीश सोडून सगळं वाचलं. ऊन भिंतीवरून गेलं. मुलाने कागदाची घडी करून खिशात घातली. मग पोहे-खोबऱ्याचं ताट आलं, फळं आली, लोकांनी खाल्ली, छान झालेत म्हणाले. पोहे सुनेनेच कालवले होते. बायकोच्या हातची चव होती आणि त्यानेच माझं डोकं आणखी फिरलं.

निघताना क्लार्कने उपाय काढला. बायकोचा दिवस उद्या सूर्य मावळेपर्यंत आहेच. फोरमन उद्या येतोच आहे. आपण नऊ पुन्हा पाचला येऊ. झाले दहा. नातू लागतच नाही. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि सगळे हो म्हणाले. माझी अडचण सुटली होती. नियम शाबूत, कद्दीश होणार, मला कोणासमोर वाकायला लागलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

सगळे गेल्यावर नातू कप धुवत होता. पाठ माझ्याकडे. म्हणाला, "आजीने माझ्याकडून कद्दीश पाठ करून घेतलं होतं. तुम्ही फिरायला गेलात की. ती म्हणायची, तुम्ही शेवटी दम लागला की एक शब्द गिळता."

मी म्हटलं, काहीतरी काय, तीस वर्षं म्हणतोय मी.

तो म्हणाला, मी नाही, आजी म्हणायची. आणि टॉवेलला हात पुसून निघून गेला.

मी पुस्तक काढलं. चष्मा लावून बोट ठेवून वाचलं, एकेक शब्द. मग पुस्तक मिटून, रोज म्हणतो तसं तोंडाने म्हटलं. एक शब्द गिळत होतो. तीस वर्षं. लोकांच्या बापांसाठी, आयांसाठी. माझ्या स्वतःच्या आईसाठी. कोणी बोललं नाही, कारण कोणाला येत नव्हतं. एकीला येत होतं, तिने मला न सांगता पोराला नीट शिकवून ठेवलं. मला तिचा एवढा राग आला की फोटो उचलून पालथा ठेवावासा वाटला. ठेवला नाही.

चौकीवरच्या त्या पोराच्या छातीत सुई घालताना मी कागद विचारला नव्हता. कागदाचं ते मला सुनेने सांगायची गरज नव्हती. पण सांगितलं, आणि खोलीभर माणसांसमोर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी क्लार्कला फोन केला. म्हटलं, कपडे घाल, साक्षीला यायचंय. त्याने कशाला असं विचारलं नाही, हा त्याच्या आयुष्यातला पहिला प्रसंग. दुसरा फोन भाईंदर वेस्टच्या एका म्हाताऱ्याला केला. तिसरा मी. मग रिक्षा करून गोडदेवच्या बाजारात गेलो. सून पाटी लावत होती. बर्फावर बोय मांडत होती. मला बघून तिने हात थांबवला नाही.

मी म्हटलं, "तारोडीला आज भरती किती वाजता आहे?"

तिने मान वर केली. "दहा तर आज भरतील ना तुमचे?"

"भरतील. तरी पाहिजे."

तिने उरलेला बर्फ माशांवर पसरला. मग म्हणाली, "पोराला इचारलंय का?"

"ते तू विचार. मी भरती विचारतोय."

"न्हाय," ती म्हणाली. "ते तुमीच इचारायचं."

तिने पदराला हात पुसले, मोबाइल काढला, पोराचा नंबर लावला आणि माशांचा वास लागलेला तो फोन माझ्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती. मी फोन कानाला लावून बाजारात उभा राहिलो.