न वाजलेला आवाज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्याजोगं माणूस जवळ नव्हतं, असं मी स्वतःला समजावत आलो. पण ते खरं नाही. जिला सांगायला हवं होतं ती बाई दोनदा माझ्यासमोर बसली होती — हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ. तुम्ही तिला ओळखत नाही, मलाही ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय. तेही आधीच कबूल केलेलं बरं.

मी कान तपासतो. डॉक्टर नाही. पण जव्हारकडच्या पाड्यांवर सगळे मला डॉक्टरच म्हणायचे आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. लहान मुलांच्या ऐकण्यावर एक अभ्यास चालला होता, त्यात मी नोकरीला होतो. अभ्यास चालवणाऱ्या मॅडम मुंबईत, मी जव्हारला. एक खोली, खाली किराणा दुकान. आठवड्याचे पाच दिवस जीप आणि पायवाट, उरलेले दोन दिवस — काही नाही.

तपासणी कशी होते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चार-पाच वर्षांची पोरं हेडफोन कानावर ठेवू देत नाहीत, रडून गोंधळ घालतात. म्हणून समोर तीन हातांवर एक स्पीकर ठेवायचा. त्यातून एकेक सूर सोडायचा, कधी जाड, कधी बारीक, कधी अगदी हळू. मुलाच्या ओंजळीत वालाचे दाणे. आवाज आला की एक दाणा ताटलीत टाकायचा. पोरांना हा खेळ फार आवडायचा. मलाही आवडायचा.

सुरुवातीला मॅडमनी दोन स्पीकर पाठवले आणि निवड माझ्यावर सोपवली. एक लाकडी खोक्याचा, वायरीचा, नऊ किलोचा. मोजणीसाठी बनवलेला आणि मोजणीखेरीज काही न करणारा. दुसरा तांब्याएवढा, चार्ज करायचा, मोबाईलला जोडला की सुरू. दोन्ही नीट तपास, जो बरोबर असेल तो ठेव, दुसरा परत पाठव, असं त्या म्हणाल्या.

मी छोटा ठेवला. कारण लिहिलं — वजन. दाभोशाचा उतार, वांगणीची वाट, नऊ किलो पाठीवर घेऊन रोज जाणं शक्य नाही. वाचणाऱ्याला पटेल असंच कारण होतं. मॅडमनी माझ्या व्यवहारीपणाचं कौतुकही केलं.

पण वजन हे कारण नव्हतं. मी तेव्हा चाळिशीचा, धडधाकट. गॅसची भरलेली टाकी खांद्यावर टाकून जिना चढायचो. खरं कारण सांगू? छोट्या स्पीकरवर माणसं बोलायची. मोबाईलवर गप्पांचे कार्यक्रम असतात ना, दोघं-तिघं बसून बोलत असतात, हसतात, एकमेकांना अडवतात — ते मी खोलीवर लावायचो. मोबाईलचा आवाज मोबाईलमधूनच येतो, पण स्पीकरवर लावला की तो खोलीचा होतो. भाजी चिरताना पाठीमागे कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मी त्यांच्या बोलण्यात मधेच एखादं वाक्य टाकायचो. हसू येतंय ना? मलाही यायचं, तरी टाकायचो. मला एकटं राहायची भीती वाटत होती, एवढं साधं होतं ते. मुलांचे कान तपासायचं यंत्र मी माझ्या सोबतीसाठी निवडलं.

आणि तपासलं का? तपासलं — पाच मिनिटं. सलग आवाज लावला, मोजला, आकडा बरोबर आला. शांततेनंतर आवाज कसा येतो ते बघायचं होतं. ते मी बघितलं नाही आणि कागदावर मात्र बघितल्याची खूण केली.

तो स्पीकर बॅटरी वाचवायला झोपी जायचा. चार क्षण काही वाजलं नाही की गप्प, आणि पुन्हा आवाज यायचा झाला की जागा होताना हलकीशी, जाडसर टक करायचा. खोलीत मला ती टक ओळखीची झाली होती. बोलणारे थांबले आणि पुन्हा सुरू झाले की आधी टक. बोलण्यापूर्वी कुणी घसा साफ करावा तशी. पाड्यावर, मुलासमोर, त्याच टकीचा अर्थ काय होतो — हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता? आला असावा. मी त्याला बसायला जागा दिली नाही.

आता वांगणीच्या पाड्याचं.

भात कापणीला आलं होतं. कापणी संपली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जाणार, म्हणून मी घाईनं तपासण्या उरकत होतो. अंगणवाडीच्या खोलीत एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव वनिता. बाईचं नाव मी विचारलं नाही, कागदावर 'वनिताची आई' एवढंच आहे. ती म्हणाली, ही हाळी घातली की डोंगरावरून येते, पण गुराखी पोरं शीळ घालतात ती हिला कळत नाही. ढोल कळतो, कोंबडीची पिलं कळत नाहीत. बोललेलं अर्धं कळतं, अर्धं नाही.

मी इतकी वर्षं हे काम करतोय. आईनं याहून नेमकं काय सांगायचं? जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. अशा मुलाला कुणी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते समजत नाही. तिनं रोगाचं निदानच माझ्या हातात आणून ठेवलं होतं.

मी तपासणी केली. वनिता हुशार होती. जाड सुराला दाणा, बारीक सुराला दाणा, अगदी हळू सुराला दाणा. सगळं बरोबर. मी आईला सांगितलं, कान चांगले आहेत. ती उठली नाही. मुलीकडे बघत राहिली. तेव्हा मला दिसलं की वनिता दाणा जरा लवकरच टाकते — सूर सुरू होण्याच्या आधी.

मी आवाज पूर्ण बंद केला. सूर नाही, काहीच नाही. नुसतं बटण दाबलं. टक झाली असणार, मला खिडकीबाहेरच्या बोलण्यात ऐकूही आली नाही. वनितानं दाणा ताटलीत टाकला आणि माझ्याकडे बघून हसली.

त्या क्षणी मला सगळं कळलं — ती दाणा सुराला नाही, त्या जाडसर टकीला टाकत होती. तिचं कळलं, आणि तिच्याआधी तपासलेल्या सगळ्या मुलांचंही.

आई म्हणाली, "आता तं काय वाजला नाय, डाक्टर."

आणि मी — मी म्हणालो, "वाजलं. फार बारीक होतं. तुम्हाला नाही आलं ऐकू, तिला आलं."

 ती स्वतःच्या कानाला हात लावून म्हणाली, "आसंल."

खोटं बोलायला मला किती वेळ लागला असेल? जेवढा वेळ दाणा पडायला लागतो तेवढा. मी घाबरलो होतो. नोकरी जाईल, मॅडमना तोंड कसं दाखवू, हे होतंच. पण त्याबरोबर हेही होतं, आणि हे सांगताना मान खाली जाते — हा स्पीकर परत द्यावा लागेल, आणि खोलीत पुन्हा कुणी बोलणार नाही.

मी कागदावर 'ठीक' लिहिलं. आई मुलीला घेऊन गेली. त्यानंतर खोलीवर मी स्पीकरवर काही लावलं नाही. सोबतीसाठी खोटं बोललो आणि सोबतही गेली.

पुढच्या पावसाळ्यात मी मॅडमना कळवलं की छोट्याची बॅटरी खराब झाली, मोठा पाठवा, फेरतपासणी करू. बॅटरी चांगली होती. मोठा आला. मी एकेक पाडा पुन्हा केला. दोन मुलं सापडली, त्यांचे उपचार सुरू झाले. वांगणी मी शेवटी ठेवली. लांब आहे, वाट खराब आहे, असं वहीत लिहून ठेवलं. खरं म्हणजे मी त्या आईला घाबरत होतो. नऊ किलोचं खोकं पाठीवर बांधून चढलो. जड होतं, पण जमलं.

वनिता पहिलीत जाऊ लागली होती. मोठ्या स्पीकरपुढे ती ओंजळ धरून बसली आणि बारीक सुरांना एकही दाणा पडला नाही. ती वाट बघत होती. मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होती, आपलं काही चुकतंय का म्हणून.

मी आईला सांगितलं, ऐकणं कमी आहे, मशीन लावावं लागेल, मिळेल. तिनं विचारलं, मागच्या वेळी तर बरं होतं ना? इथे मला दुसरी संधी मिळाली होती. मी म्हणालो, "मधल्या काळात कमी झालं असावं."

तिनं वनिताच्या ओंजळीतले दाणे काढून घेतले. मग हळूहळू सांगू लागली. मी कान चांगले म्हणाल्यावर तिला वाटलं, पोरगी ऐकू येऊन मुद्दाम ऐकत नाही. हाक मारली की ढिम्म. पाणी आण म्हटलं की भलतंच आणते. शाळेतूनही तेच सांगणं. म्हणून ती मुलीला मारायला लागली. रोज नाही, पण मारायला लागली. कानशिलात.

मग तिनं मला विचारलं, "मी मारला म्हणून झाला काय?"

याचं उत्तर मला माहीत होतं. वनिताचा दोष जन्मापासूनचा, आतल्या नसेचा. मागच्या वर्षी होता तेवढाच आज होता. 'नाही' — एवढा एक शब्द पुरे होता. पण 'नाही' म्हटलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं: मग कधीपासून? आणि मग ती दाण्याकडे आली असती, त्या न वाजलेल्या आवाजाकडे. ती विसरणाऱ्यातली बाई नव्हती.

मी म्हणालो, "आता तो विचार करू नका."

किती समजूतदार वाक्य आहे, नाही? कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, भला माणूस आहे. तिला मात्र त्यातून 'हो' ऐकू आलं. मला तेच हवं होतं.

यंदा मोखाड्याच्या बाजारात त्या दोघी भेटल्या. वनिताच्या दोन्ही कानांत मशीन होतं. उंच झाली आहे, बोलते, अडखळते, पण बोलते. आईच्या शेजारी पाड्यावरची एक बाई होती, तिला माझी ओळख करून देताना वनिताची आई म्हणाली, "पोरीचा कान मी घालवला, डाक्टरनी परत दिला." रोजचं काही सांगावं तशी म्हणाली. शेजारच्या बाईनं मान हलवली. म्हणजे सगळ्या पाड्याला हेच माहीत आहे. तिच्या नवऱ्यालाही. थोडी मोठी झाली की वनितालाही.

भरल्या बाजारात मी उभा होतो आणि मी काही बोललो नाही.

मग तिनं फडक्यात बांधलेले वाल माझ्या हातात दिले. घरचे आहेत म्हणाली. मी ते घेतले. खोलीवर आणले, भिजवले, सोलले, शिजवले. एकट्या माणसाला दोन दिवस पुरले.